मुकं वळण

बाहेरून बोलावलेला स्वार दोन फेऱ्या मारून परत आला, त्याने हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "ही गाडी मला पाठीवर बसू द्यायला तयार नाही." मग हातमोजे नीट घडी करून बॅगेत ठेवले, थोरल्याच्या प्लास्टरमधल्या पायाकडे एकदा बघितलं आणि निघून गेला.

ही झाली मंगळवारची गोष्ट. आज गुरुवार होता. संध्याकाळी पाचच्या आत आयोजकांच्या कचेरीत बदली स्वाराचं नाव द्यायचं होतं. ते दिलं नाही, तर एकतीस वर्षांत एकदाही रिकामी न राहिलेली रविवारच्या शर्यतीतली घराण्याची जागा दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात पडणार होती.

ट्रॅकच्या कडेला गॅरेजांची लांब ओळ होती, त्यातलं सातवं यांचं. शटर अर्धं वर होतं. आत पेट्रोलचा आणि तापलेल्या रबराचा वास कोंडलेला. मधोमध स्टँडवर शर्यतीची मोटरसायकल उभी होती; अकरा दिवसांपूर्वी थोरल्याला फेकून देऊन स्वतः मात्र दोन ओरखड्यांवर सुटलेली. मिस्त्रीने ते ओरखडेही रंगवून टाकले होते. काकूला वाटलं, रंगवायला नको होते.

"आणखी एखादा बाहेरचा बघू या," ती म्हणाली. थर्मासमधला चहा ओतताना तिने मुद्दामच वर बघितलं नाही.

"वहिनी, पाच जणांना फोन केले," भाऊजी म्हणाले. नवरा गेल्यापासून संघ या धाकट्या दिरानेच ओढला होता. "दोघं दुसरीकडे बांधलेले, दोघं नुसतेच हसले आणि एकाने फोनच उचलला नाही."

"मग सहावा बघा."

"सहाव्याला आई नसते का, काकू?" ठिणगीने विचारलं. ती पालथ्या घातलेल्या पेटीवर बसून बुटाची चेन वरखाली करत होती. भाऊजींची ही लेक, थोरल्याच्या पाठची. तीन महिन्यांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून काकूच्याच हाताखाली वाढलेली. आता चोवीस वर्षांची घोडी झाली होती, पण बोलणं तेच, लहानपणचं, चटका देणारं.

काकूने थर्मासचं झाकण लावलं. सहाव्याच्या आईशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, हे खरं होतं. पण खरं ते सगळं बोलून दाखवता येतं थोडंच?

"घरातच दोघं आहेत," भाऊजींनी विषय संपवला. "दोघांकडे परवाना आहे. घरच्या रीतीने ठरवू. गाडी एकच, टायर दोघांना नवे, पाच-पाच फेऱ्या. ज्याची एक फेरी सगळ्यांत जलद, त्याचं नाव. घड्याळ वहिनी धरतील."

"मी तयार आहे," बारक्या म्हणाला. तो तर सकाळपासूनच चामड्याच्या पोशाखात शिरून बसला होता. काकूचा हा एकुलता एक. बावीस वर्षांचा झाला तरी अंगाने अजून काडी. नाव बारक्या पडलं ते पडलंच.

"तू काय, झोपेतही तयार असतोस," खुर्चीतून थोरला म्हणाला. दोन्ही मनगटं बांधलेली, डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, तरी तोंड शाबूत होतं. "गादीवर ब्रेक दाबतोस म्हणे."

"दाबतच नाही, दादा. तीच तर त्याची खोड आहे," ठिणगी म्हणाली, आणि त्या पत्र्याच्या खोलीत अकरा दिवसांत पहिल्यांदा सगळे हसले. मिस्त्रीसुद्धा. काकू सोडून.

*

घड्याळाची रीत सासऱ्यांनी घातलेली. पुरुषांच्या हातात घड्याळं असली की जो तो आपल्या आवडत्याची फेरी जलद भरवायचा आणि जेवणाच्या ताटावर भांडणं व्हायची. नवी सून मनातल्या मनात वजाबाकी करते आणि चुकत नाही, हे सासऱ्यांच्या लक्षात आलं. त्यांनी घरातली बाकीची घड्याळं काढून घेतली आणि एकच तिच्या हातात दिलं. घड्याळ एकाच हातात, आकडा एकाच तोंडून. आणि फळ्यावर खडूने एकदा लिहिला की त्यावर वाद नाही. ट्रॅकवरची वेळ मोजायची यंत्रं स्पर्धेच्या दिवशीच चालू करत. एरवी काकूचा अंगठा म्हणजे अखेरचा शब्द.

घड्याळ दोन काट्यांचं होतं. स्वार समोरून गेला की बटण दाबायचं. एक काटा जागच्या जागी थांबतो, तो वाचायचा. दुसरा पळतच राहतो, पुढची फेरी मोजत. पुन्हा दाबलं की थांबलेला काटा उडी मारून पळत्याला गाठतो. पुढच्या आकड्यातून मागचा वजा करायचा तो मनातच.

या घड्याळाचा एक फायदा तिने कुणाला सांगितला नव्हता. ते हातात असलं की ट्रॅककडे बघावं लागत नाही.

चौदा वर्षांपूर्वीही ती काट्याकडेच बघत होती. ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला मातीचा उंच बांध होता, आणि त्याच्या आड एक लांब, उतरतं वळण. स्वार त्या बांधाआड गेला की गाडीचा आवाज कापून टाकल्यासारखा बंद व्हायचा. सात सेकंद काहीच ऐकू यायचं नाही. मग पलीकडून एकदम फुटायचा. घरात सगळे त्याला मुकं वळण म्हणत. त्या दिवशी नवरा बांधाआड गेला आणि सातची आठ झाली, आठची दहा झाली. माणसं ओरडत धावू लागली, तरी काकू अंगठा बटणावर ठेवून उभीच होती. फेरी पूर्ण झाली नव्हती, मग ती थांबवायची कशी? कुणीतरी तिच्या मुठीतून घड्याळ सोडवून घेतलं, तेव्हा पळता काटा सोळा मिनिटांवर होता.

*

टायरांवर गरम करायची आवरणं चढवून मिस्त्री दहा मिनिटं मोजत होता, तेवढ्यात भाऊजी काकूला गॅरेजमागे घेऊन गेले. तिथे रिकाम्या पिंपांची रास होती.

"वहिनी, खरं सांगू का? बारक्याच जलद आहे. तुम्हालाही ठाऊक आहे."

"मिस्त्री तर ठिणगीचं नाव घेतात. म्हणतात, ती गाडीला विचारून वळवते, हा गाडीला हुकूम सोडतो."

"मिस्त्रीला गाडीची काळजी. मला..." भाऊजी घुटमळले. "ठिणगीचं अजून सगळं आयुष्य पडलंय."

काकूच्या कानशिलात काहीतरी तापलं. "आणि बारक्याचं संपलंय?"

"तसं नाही हो म्हटलं मी."

"मग कसं म्हटलं? माझं एक माणूस त्या बांधाआड ठेवून झालंय, भाऊजी. तुमचं एकही नाही."

भाऊजींनी मान खाली घातली. त्यांचा भाऊच गेला होता, हे तिला आठवलं. पण तोवर शब्द निघून गेला होता. ते वळले आणि पिंपांच्या कडेकडेने आत गेले. काकू तिथेच उभी राहिली. मनाच्या अगदी तळाशी एक विचार येऊन बसला, आणि तिने त्याला हाकललं नाही.

*

पहिला बारक्या गेला.

काकू भिंतीपाशी तिच्या नेहमीच्या जागेवर उभी होती. मागे खुर्चीत थोरला डोळे मिटून, शेजारी फळ्यापाशी खडू घेऊन मिस्त्री. तिने ठरवलं होतं, अंगठा थोडा उशिरा दाबायचा. अर्धा सेकंद, फार तर पाऊण. कुणाला कळणार?

गाडी समोरून फाडत गेली आणि अंगठा दाबला गेला होता. वेळेवर. तिने दाबला नव्हता, त्याचा त्यानेच दाबला. दुसऱ्या फेरीला तिने तो बटणावरून उचलूनच धरला. तरी ऐन वेळी खाली आला. चौतीस वर्षं एकच काम केलेल्या अंगठ्याला आता खोटं बोलायला कोण शिकवणार?

गाडी बांधाआड गेली. आवाज बंद झाला. काकूने श्वास धरला. सात. आवाज फुटला. दर फेरीला ती तेवढी मरायची आणि तेवढी परत यायची.

तिसऱ्या फेरीचा काटा थांबला, तेव्हा तिने वजाबाकी केली, पुन्हा केली. एक मिनिट, एक्केचाळीस सेकंद, नऊ. थोरल्याने या गाडीवर केलेल्या जलद फेरीपेक्षा चार दशांशच जास्त. हा आकडा बोलला की संपलं. रविवारी भोवती वीस गाड्या असतील, आणि हा मुलगा मुक्या वळणावर ब्रेक न दाबता त्यांच्यात घुसेल. त्याचा बाप घुसला तसाच.

"काकू, किती?" मिस्त्रीने विचारलं.

"एक बेचाळीस सात," ती म्हणाली.

खडू फळ्यावर करकरला. मागे खुर्चीही करकरली.

मग ठिणगी गेली. तिचे आकडे काकूने खरे सांगितले. चौथी फेरी, एक बेचाळीस चार. पाचवी त्याहून बरीच ढिली. मिस्त्रीने चारच्या आकड्याभोवती गोल केला आणि खडू खिशात टाकला.

"ठिणगी," तो म्हणाला. एवढंच.

बारक्या फळ्यासमोर उभा राहिला. पोशाख कमरेपर्यंत उतरवलेला, घामाने केस कपाळाला चिकटलेले. "आई, मला तिसरी फार जलद वाटली गं."

"वाटतं तसं."

"नाही, खरंच. मुक्या वळणावर मी एकदाही..." तो थांबला. घरची रीत त्याच्याही अंगात मुरलेली होती. "बरं. असेल." त्याने हेल्मेट उचललं, ठिणगीच्या डोक्यावर एक टपली मारली आणि म्हणाला, "जा, ठिणगे. नाक कापू नकोस." मग तो पिंपांच्या मागे गेला. रडायला गेला, हे सगळ्यांना कळलं, आणि कुणीच तिकडे बघितलं नाही.

भाऊजी अजून फळ्याकडेच बघत होते. चेहरा राखेसारखा झालेला. रीतीचं नाव त्यांनीच काढलं होतं. आता ती मोडायची कोणत्या तोंडाने?

*

"काकू," थोरल्याने हळूच हाक मारली. बाकीचे बाहेर गेले होते. "जरा ही उशी सरकव."

तिने उशी सरकवली.

"माझ्या मोजणीत बारक्या पुढे होता."

"दुखण्याची औषधं चालू आहेत तुला. गुंगी येते त्यांनी."

"औषधं पायाला आहेत, कानाला नाहीत." त्याने डोळे उघडले नाहीत. "तुझा अंगठा बरोबर होता. बटणाचा टक् मी ऐकला. आकडा नंतर बदलला."

तिने खुर्चीची पाठ धरली. "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? बोललो, तर बहिणीला वाचवायला भावाला पुढे ढकलतोय असं होईल. नाही बोललो, तर..." त्याने बांधलेलं मनगट मांडीवर घासलं. "मी आयुष्यभर गाडीवर घाबरलो नाही, काकू. या खुर्चीत बसून घाबरतोय."

बाहेरून ठिणगीचा आवाज आला. "काकू! वेणी सुटली. हेल्मेट बसत नाही, घालून दे ना."

*

तिची वेणी काकूच घालायची, शाळेत जायची तेव्हापासून. शर्यतीची वेणी निराळी. सपाट, घट्ट, मानेपाशी आत दुमडलेली. ठिणगी पेटीवर बसली, काकू मागे उभी राहिली. केस घामाने ओले होते. तीन पदर केले, पहिला पेड घातला, आणि काकूच्या लक्षात आलं की बोटांखालची ती मान थरथरते आहे.

"थंडी वाजते का गं?"

"नाही." ठिणगीने मागे वळून बघितलं नाही. "काकू, एक सांगू? कुणाला सांगणार नाहीस ना?"

"बोल."

"मी मुद्दाम हळू मारल्या फेऱ्या."

काकूचे हात थांबले.

"मुक्या वळणाआधी दर वेळी रेस सोडत होते. आवाज बंद झाला की मला दादाच दिसतो, वाळूत पडलेला. मला वाटलं, बारक्या सहज जिंकेल, माझी सुटका होईल, कुणाला काही कळणारही नाही. पाचवीत तर मी जवळजवळ थांबलेच." तिने बुटाची चेन वर ओढली. "तरी जिंकले कशी गं मी? तो इतका वाईट चालवतो का?"

बाहेर कुणीतरी हवा भरायचं यंत्र चालू केलं, त्याचा खडखडाट भिंतीतून आत आला. वेणीचे तीन पदर काकूच्या बोटांत तसेच होते. ज्याला भीती नाही तो पडतो, हे तिने बघितलं होतं. पण जो भिऊन वळणावर रेस सोडतो, त्याच्या अंगावर मागच्या वीस गाड्या येतात, हेही तिला चांगलं ठाऊक होतं. पोटचं पोर वाचवायला तिने हातावर वाढवलेलं पोर पुढे केलं होतं. आणि हे पोर वेणी घालून घ्यायला तिच्याकडेच आलं होतं.

"तू रविवारी गेलीस तर काय होईल?" तिने विचारलं.

"पडेन," ठिणगी म्हणाली. अगदी साधेपणाने, चहा निवला असं सांगावं तसं. "पण फळ्यावर लिहिलंय ना."

काकूने वेणी पूर्ण केली. शेवट दुमडला, पिन लावली. मग ती फळ्यापाशी गेली आणि पदराने पुसण्याइतकी उसंतही न घेता तळहातानेच बारक्याचा तिसरा आकडा पुसला.

"मिस्त्री, खडू."

मिस्त्रीने आत येऊन खिशातून खडू काढून दिला. तिने लिहिलं: एक, एक्केचाळीस, नऊ. अक्षर वाकडं आलं, आकडा सरळ होता.

"ही खरी फेरी," ती म्हणाली. भाऊजी दारात आले होते, त्यांच्यामागे बारक्या. "मघाचा आकडा मी खोटा सांगितला. घड्याळ चुकलं नाही, मी चुकले."

मग भाऊजी पुढे आले. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, आताही चढला नाही. म्हणून तो ऐकवेना.

"वहिनी, तिला तुम्ही बाटलीने दूध पाजलंय."

"हो."

"आणि तिलाच?"

"हो, भाऊजी. तिलाच."

"बाबा, पुरे," ठिणगी म्हणाली. ती उठून काकूच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. अंगाला अंग न लावता, पण शेजारीच. "पिंपांमागे तुम्ही तिला काय म्हणालात, ते पत्र्यातून मलाही ऐकू आलं. बारक्याचं आयुष्य तुम्हीही मोजून ठेवलंच होतं."

भाऊजी पेटीवर बसले. एकदम म्हातारे दिसले.

"म्हणजे..." बारक्याचं या कशातच लक्ष नव्हतं. तो फळ्याच्या अगदी जवळ गेला होता, नाक टेकेल इतका. "म्हणजे मी एक्केचाळीस मारली? दादा! एक्केचाळीस!"

"ऐकलं मी," थोरला म्हणाला. "मी तर मघाशीच ऐकलं होतं."

बारक्याने आईला उचललंच. काडीसारखी पोरं कुठून ताकद आणतात कोण जाणे. तिने त्याच्या खांद्यावरून त्याचा चेहरा बघितला. हाच आनंद, असाच दात दाखवणारा, तिने आणखी एका चेहऱ्यावर बघितला होता, चौदा वर्षांपूर्वी, त्या दिवशी सकाळी.

*

चार वाजता भाऊजी कचेरीत नाव देऊन आले. मग मिस्त्री म्हणाला, मागची स्प्रिंग बारक्याच्या वजनाला फार कडक आहे, एक पायरी सैल केली आहे, दोन फेऱ्या मारून बघू दे.

काकूने गळ्यातून घड्याळाची दोरी काढली. घरची रीत तिलाच सगळ्यांत जास्त पाठ होती. ज्या तोंडून एकदा खोटा आकडा निघाला, त्या हातात घड्याळ राहत नाही.

"घे," ती ठिणगीला म्हणाली.

"काकू, मला वजाबाकी येत नाही मनात."

"बोटांवर कर. पण वाचशील तोच आकडा सांग."

ठिणगीने दोरी गळ्यात घातली. बारक्याने हेल्मेटची काच खाली ओढली, रेस दिली आणि गॅरेजांच्या ओळीसमोरून निघून गेला. ठिणगीने बटण दाबलं. टक् आवाज झाला.

काकू भिंतीपाशी उभी होती, नेहमीच्याच जागेवर. हातात काही नव्हतं. बघायला काटा नव्हता, म्हणून तिला ट्रॅक बघावा लागला. पहिल्यांदाच तिला दिसलं की पोरगं किती खाली झुकतं, गुडघा जमिनीला कसा घासतो. बापही असाच झुकत असणार. सुंदर दिसत होता तो, आणि ते बघून तिला घाम फुटला.

गाडी बांधाकडे गेली, लहान झाली, आड झाली. आवाज कापला गेला.

एक. दोन. थोरल्याने डोळे मिटले. तीन. भाऊजी येऊन तिच्या बाजूला उभे राहिले, मध्ये हातभर जागा ठेवून. चार. पाच. सहा.

सात.

तिच्या रिकाम्या मुठीत अंगठा आपोआप दाबला गेला, आणि तिने तो तसाच दाबून धरला.